तिला सांग, पाण्यात मुंगी पडली होती

काकूंनी माठ तिवईवरून उचलला आणि माझ्यासमोर मोरीत उपडा केला.

मी नुकतंच त्यातून पाणी घेतलं होतं. पेला अजून माझ्या हातात होता, अर्धा भरलेला. माठातलं पाणी घळाघळा मोरीत गेलं, थोडं ओट्याखालून वाहत आलं आणि माझ्या पायाला लागलं. लुसिया पिठाने माखलेले हात तसेच धरून बघत राहिली. ती मेक्सिकोहून आलेली, काकूंच्या घरी दोन महिने राहणारी विद्यार्थिनी. तिला काही कळेना.

काकूंनी हात पुसले. मला म्हणाल्या, "तिला सांग, पाण्यात मुंगी पडली होती."

मी दुभाषी. सांगणं हेच माझं काम.

मी कात्रजची. वडिलांचा कारखाना बंद पडला, ते घरी बसले. आई चौकात भाजी विकायची. भाव कसा करायचा, कुठे अडून बसायचं, कुठे उठून चालू लागायचं, हे मी तिच्या पाटीशेजारी बसून शिकले. पुण्यात तेव्हा घरटी एक पोरगं कंप्युटरकडे निघालं होतं. परकीय भाषांच्या संध्याकाळच्या वर्गात जर्मन आणि जपानीला रांगा. स्पॅनिशला आम्ही बाराजण. गर्दी नाही तिथे दुकान टाकावं, एवढी अक्कल मला होती. दिवसा सायबर कॅफे सांभाळायचा, संध्याकाळी स्पॅनिश. चार वर्षं. आरशासमोर उभी राहून बोलायचे. शेजारचे म्हणायचे, पोरीला वारं लागलं.

मग कोथरूडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतल्या कॉलेजांशी करार केला. त्यांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे आपल्या जून-जुलैत, तिथली मुलं इथे येणार, कंपनीत धंद्याचं काम शिकणार आणि कोथरूडमधल्या चांगल्या घरांत राहणार. मुलांना विमानतळावरून आणण्यापासून परत पोचवण्यापर्यंत सगळं मी बघायचं. काम मी भांडून मिळवलं. साहेबांना, म्हणजे कंपनीच्या मालकांना, एक जर्मनवाला हवा होता, स्पॅनिश म्हणे तो शिकून घेईल. मी म्हटलं, "शिकेपर्यंत मुलं उपाशी राहतील." साहेब हसले. काम मला मिळालं.

काकू या साहेबांच्या मावशी. चांगल्या घरांत त्यांचं घर पहिलं.

पहिल्या वर्षी मला कपबशीत चहा मिळाला. दुसऱ्या वर्षी काकूंनी सहज विचारलं, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा गं?"

"बसत नाही. आम्ही बौद्ध."

"अच्छा, अच्छा. छान. शांत धर्म आहे."

त्या शांत धर्मानंतर माझा कप बदलला. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. चहा झाला की तो मी स्वतः विसळून बाल्कनीतल्या कट्ट्यावर, भांडीवाल्या बाईंच्या कपाशेजारी ठेवायचा. हे मला कुणी सांगितलं नाही. पहिल्यांदा मी कप आत न्यायला निघाले, तेव्हा काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. हसून. तेवढ्यात मला कळलं.

आणि मी ठेवला तो कप तिथे. दोन उन्हाळे. मी, जी रिक्षावाल्याशी पाच मिनिटं भांडल्याशिवाय बसत नाही. मनाला सांगत होते, हा धंदा आहे, रागाला इथे जागा नाही. आईने विकलेली मेथी याच घरांतल्या ओट्यांवर निवडली जात होती. मेथी आत जायची. मेथीवालीची मुलगी बाल्कनीत.

तिसऱ्या वर्षी लुसिया आली. मुलं ज्या दिवशी येतात त्या दिवशी दुभाष्याने घरात बसून घराचे नियम समजावून द्यायचे, अशी आमची पद्धत. बूट कुठे काढायचे, गीझर कधी लावायचा, दार किती वाजता बंद होतं. काकू एकेक सांगत होत्या, मी स्पॅनिशमध्ये करत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "हिला सांग, स्वयंपाकघरात तू खुशाल ये, तुझंच घर आहे. पण तुझ्याबरोबरचं कुणी आत आणायचं नाही." आणि माझ्याकडे बघितलं. "तुला कळलं ना? नीट सांग."

खोलीत आम्ही तिघीच होतो. काका पेपरच्या मागे होते, म्हणजे नव्हतेच.

मी लुसियाला सांगितलं, "स्वयंपाकघरातली फरशी निसरडी आहे, जपून."

म्हणजे माझा अपमान झाला आणि तो झाकायचं कामही मीच केलं. फुकट. चार वर्षं आरशासमोर घासलेली भाषा मी त्यासाठी वापरली.

पुढे एका रविवारी लुसियाला तिच्याकडच्या मक्याच्या पोळ्या करून काकूंना खाऊ घालायच्या होत्या. मला फोन करून बोलावलं. काकू भिशीला गेल्या होत्या. लुसियाने माझा हात धरून सरळ ओट्यापाशी नेलं. डब्यांतलं एकेक पीठ दाखवून विचारू लागली, हे कशाचं, ते कशाचं. ही मुलगी तिच्या घरी गाय खाते. मला स्वतः सांगितलं होतं तिने, आणि काकूंनाही ते ठाऊक होतं. तिच्या हाताने त्या घरात काही बाटत नव्हतं.

मला तहान लागली. मी माठाचं झाकण काढलं, ओगराळं बुडवलं, पाणी घेतलं. तेवढ्यात काकू दारात.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच.

"सांग ना," काकू म्हणाल्या. "मुंगी पडली होती म्हणून."

मी लुसियाकडे वळले. आवाज चढवला नाही. म्हटलं, "या म्हणतात, पाण्यात मुंगी पडली होती. मुंगी नव्हती. मी प्यायले म्हणून यांनी पाणी ओतलं. मी ज्या जातीत जन्मले, त्या जातीचा हात माठाला लागला तर या ते पाणी पीत नाहीत. या घरात शिरल्या तेव्हा माठात अर्धं चांगलं पाणी होतं, तू बघितलंस."

लुसियाने मोरीकडे बघितलं, माझ्या ओल्या पायांकडे बघितलं.

काकूंना शब्द कळत नव्हते, पण त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "मुंगीसाठी एवढं लांबलचक बोलावं लागतं का गं?"

"मुंगी पाच फुटांची होती, काकू."

मग लुसियाने मला विचारलं, "पहिल्या दिवशी तू म्हणालीस फरशी निसरडी आहे. त्या तेव्हा हेच सांगत होत्या?"

"हो."

"मग तू मला खोटं का सांगितलंस?"

कुणाच्याही तोंडाला तोंड देणारी मी. मी फरशीकडे बघितलं; आता ती खरंच निसरडी होती. तिने माझे डोळे पुसले नाहीत, मिठी मारली नाही. ती माझ्यावरही चिडली होती. तिचं बरोबर होतं. काकूंनी माठ ओतला, पण त्यांच्या तोंडचे शब्द दोन वर्षं गोड करून मीच वाटले होते. त्या ओल्या फरशीवर मला पहिल्यांदा स्वतःचा राग आला, आणि तो राग काकूंवरच्या रागापेक्षा जास्त उपयोगाचा निघाला.

उरलेलं पाणी मी तिथेच प्यायले. पेला त्यांच्या पेल्यांच्या रांगेत ठेवला. निघाले.

लुसिया त्याच आठवड्यात मुलींच्या वसतिगृहात राहायला गेली.

जुलै संपताना मुलांचे अहवाल आले. प्रत्येकाने कामाबद्दल आणि राहण्याबद्दल स्पॅनिशमध्ये लिहायचं, त्यावर कंपनीचा शिक्का बसायचा आणि मग ते त्यांच्या कॉलेजात जायचं. शिक्क्याशिवाय गुण नाहीत. साहेबांना स्पॅनिश येत नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. लुसिया बाहेर बाकावर बसली होती.

"काय लिहिलंय हिने?"

मी अख्खा अहवाल वाचून दाखवला. माठासकट. मुंगीसकट.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "अहो मॅडम, जुनी माणसं आहेत. मावशींचं वय काय, त्यांचं काय मनावर घ्यायचं? आपण प्रोफेशनल ना? दुभाष्याने माणसं जोडायची असतात." मग पुढे झुकले. "पुढच्या उन्हाळ्यात तिप्पट मुलं आणतोय. सगळं तुमच्याकडेच. फक्त तिला सांगा, हा परिच्छेद काढ. नाहीतर शिक्का मिळणार नाही."

पुन्हा तेच. तिला सांग.

मी म्हटलं, "तुम्ही सांगा."

"मला कुठे स्पॅनिश येतं?"

"तिला कामापुरतं इंग्रजी येतं. दोन महिने तुमच्याच मीटिंगांना बसली. दार उघडा आणि तिच्या तोंडावर सांगा, की माझ्या मावशीने माठ ओतला हे लिहू नकोस."

साहेब उठले. दारापर्यंत गेले. कडीवर हात ठेवला. बाहेर लुसिया मान वर करून बघत होती, काचेतून दिसत होतं. साहेब परत आले आणि शिक्का मारला.

तेव्हा मला माझं काम काय होतं ते कळलं. त्यांना भाषेसाठी मी नको होते. जे स्वतःच्या तोंडाने म्हणायची लाज वाटते, ते म्हणून घ्यायला मी हवी होते.

शिक्का उचलताना ते म्हणाले, "तुम्हा लोकांना संधी दिली की असं होतं."

"संधी तुम्हाला दिली होती," मी म्हटलं. "तीन वर्षं."

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या जागी तो जर्मनवाला आला. स्पॅनिश शिकून घेतोय म्हणे.

आता मी स्वतः मुलं आणते, कॉलेजांना मीच लिहिते. घरं मीच निवडते. कोथरूडमध्ये, वाघोलीत, कुठेही. घर बघायला गेले की लोक खोली दाखवतात, वायफाय दाखवतात, बाल्कनीतून दिसणारी टेकडी दाखवतात. मी ऐकून घेते. मग बूट काढते, न विचारता स्वयंपाकघरात जाते. माठ असेल तर झाकण काढते, फिल्टर असेल तर तोटी सोडते. माझ्या हाताने पाणी घेते आणि त्यांच्यासमोर उभी राहून पिते. सावकाश. पाण्याकडे न बघता. त्यांच्या तोंडाकडे बघत.

तोंड बदललं की ते घर गेलं. भाव नाही, चर्चा नाही, वय नाही, जुनी माणसं नाहीत. निम्मी घरं अशीच गेली. मुलं कमी आणावी लागतात. कमी आणेन.

पण कुणाच्या घरातली मुंगी मी आता माझ्या तोंडाने सांगणार नाही.