साडूंचा उजेड

उभ्या खानदेशात दिव्याकडे माझ्या साडूंइतक्या दुःखी चेहऱ्याने पाहणारा दुसरा माणूस नसेल. कोणाच्या घरी गेलो की आपण आधी माणसांकडे बघतो, साडू छताकडे बघतात. फैजपूरला एका लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीत सगळे भरपेट जेवत असताना हे आपले वांग्याच्या भाजीकडे टक लावून बसलेले. शेवटी मला म्हणाले, "ही चमक वांग्याची नाही, वरच्या तेलाची आहे. संगणकाला एवढा फरक शिकवता शिकवता माझे केस गेले." पहूरला एका घरी मयताला गेलो तेव्हा तर कहर झाला. आत बायका रडत होत्या आणि साडू ट्यूबकडे पाहून माझ्या कानात पुटपुटले, "या उजेडात जिवंत माणूससुद्धा गेल्यासारखाच दिसेल." पाणी प्यायच्या निमित्ताने मी त्यांना बाहेर काढलं.

धंदाच तसा. जळगावात वायरिंगच्या एका दुकानावरच्या खोलीत बसून ते न बांधलेल्या इमारतींची चित्रं संगणकावर तयार करतात. बिल्डर नकाशा देतो, साडू त्यात सोफा मांडतात, पडदे लावतात आणि मग दिवे लावतात. तेच खरं काम. बल्बमधून निघालेला उजेड भिंतीवर आपटतो, तिथून चादरीवर जातो, चादर लाल असेल तर थोडी लाली घेऊन छतावर चढतो. या सगळ्या धावपळीचं गणित संगणक करतो आणि त्यात त्याची अख्खी दुपार जाते. मे महिन्यात तो तापतो म्हणून साडूंनी घरातला एकुलता एक कूलर उचलून ऑफिसात नेला. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्या वेळी धुळ्याला आमच्याकडे येऊन राहिली. "मशीनले हवा नि मानूसले घाम, असं शे आमनं घर," एवढंच ती म्हणाली.

पण त्यांची चित्रं बघून माणूस हळवा व्हायचा, हे खरं. गावाबाहेरच्या एका स्कीमसाठी त्यांनी संध्याकाळचं एक घर केलं होतं. ओट्यावर लटकणारा पिवळसर दिवा, त्याखाली वाफाळलेलं पातेलं आणि दारातून हॉलमध्ये सांडलेला उजेड. ते चित्र हमरस्त्यावरच्या फलकावर लागलं आणि फ्लॅट भराभर विकले गेले. मग दुसऱ्या स्लॅबवर काम थांबलं. बिल्डरचा फोन लागेनासा झाला. लोक कोर्टात गेले आणि साडू काही दिवस घरात जाऊन बसले. "लोकांनी भिंती नाही घेतल्या हो," ते मला म्हणाले, "माझा दिवा घेतला." त्यानंतर ते लांबचा फेरा मारून ऑफिसला जायचे, पण त्या फलकाखालून जायचे नाहीत.

एके दुपारी मी त्यांच्या ऑफिसात असताना चोपड्याचे एक निवृत्त कंडक्टर जिना चढून आले. लोक त्यांना आबा म्हणायचे. त्यांनी गावातली जागा विकून त्या स्कीममध्ये चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. चौथ्या मजल्याच्या जागी अजून नुसतं आभाळ होतं. साडू पांढरेफटक पडले.

"मी भांडाले नही उनू, भाऊ," आबा म्हणाले. "मनं घर दखाडा फक्त."

त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली होती. दवाखाना जवळ पडावा म्हणून दोघं जळगावात भाड्याच्या खोलीत राहत होते. काम थांबल्याचं आबांनी तिला सांगितलं नव्हतं. आज फरशी बसली, उद्या रंग लागेल, असं रोज सांगत होते. आता ती नवा फोटो मागत होती.

साडू आधी तुमची राहती खोली बघून घेतो म्हणाले आणि मलाही बरोबर नेलं. भिंतीवर ते जाहिरातीचं चित्र चिकटवलेलं होतं. आबा दूध आणायला गेले तशी त्यांची बायको, अक्का, हळूच म्हणाली, "मले बठ्ठं माहीत शे, भाऊ. शेजारनीनी सांगं. आबासले कळू देऊ नका. त्या रोज घर सांगतस, मी ऐकस."

साडू छताकडे बघत राहिले. तिथे साधी ट्यूब होती, एका टोकाला काळी पडलेली. अक्कानेही वर पाहिलं. चित्रातल्या त्या झगमगाटात आपल्याला झोप लागायची नाही, ती म्हणाली. नवा फोटो करायचाच असेल तर अशी एक ट्यूब लावा आणि खुंटीवर आबांचा शर्ट टांगा.

साडूंनी आठवडाभर दुसऱ्या कशाला हात लावला नाही. पिवळा दिवा काढला. काळं टोक, शर्टाची सावली, उजेड न पोचणारा कोपरा, सगळं केलं. इतकं साधं आणि इतकं खरं चित्र त्यांच्या हातून आधी कधी झालं नव्हतं. आबांनी ते नेऊन दाखवलं. काम कसं जोरात चाललंय ते सांगितलं. अक्काने सगळं विचारून घेतलं. पाणी किती वाजता येतं तेसुद्धा.

ती पावसाळ्याआधी गेली. साडू मयताला आले होते. त्या दिवशी त्यांनी छताकडे एकदाही पाहिलं नाही.

आबा अजूनही अधूनमधून दुपारचे ऑफिसात येतात. साडू न विचारता संगणकाच्या पडद्यावर ती खोली उघडतात. परवा मी गेलो तेव्हा आबा उठता उठता थांबले आणि पडद्याकडे बोट करून म्हणाले, "भाऊ, आते तठे कोनीच नही. लाइट बंद करी द्या."

साडूंनी मान हलवली आणि चित्रातली ट्यूब बंद केली. अंधाराचं गणितही संगणकाला करावं लागतं, त्यालाही वेळ लागतो. खालून चहा मागवला. आबा पुन्हा खुर्चीत बसले आणि पडद्यावरची खोली हळूहळू काळोखी होईपर्यंत आम्ही तिघंही चहा पीत राहिलो.