साडेचौतीस

आमच्या जळगावच्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी प्रयोगशाळेशेजारची खोली रिकामी झाली, खिडक्यांना पडदे शिवले गेले आणि दारावर पाटी लागली: ‘पादत्राणे बाहेर काढावीत.’ धूळ आत गेली तर यंत्र बिघडतं, असं सांगत. जळगावची एप्रिलमधली धूळ चपला घालून येत नाही, खिडकीच्या फटीतून येते, हे कुणी लक्षात घेतलं नव्हतं.

मी विज्ञान शिकवायचो. धुळ्याला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो, म्हणून यंत्र माझ्या गळ्यात पडलं. नववीचा वार्षिक निकाल या वर्षी कॉम्प्युटरवर करायचा, असं संस्थेनं ठरवलं. गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासवाल्याकडून प्रोग्राम करून घेतला. त्यात एक तक्ता भरायचा होता: ‘पासून’, ‘पर्यंत’, ‘श्रेणी’. हा तक्ता एकदा भरला की पहिल्या सत्राचे आणि दुसऱ्या सत्राचे गुण टाकायचे. सरासरी काढून श्रेणी लावायचं काम यंत्राचं.

तक्ता मी नानांकडून उतरवून घेतला. नाना म्हणजे आमचे गणिताचे शिक्षक आणि परीक्षाप्रमुख. महिन्याभरात निवृत्त होणार होते. त्यांच्या डायरीत, पिवळ्या पडलेल्या पानावर लिहिलेलं होतं: पंच्याहत्तर ते शंभर अ, साठ ते चौऱ्याहत्तर ब, पंचेचाळीस ते एकोणसाठ क, पस्तीस ते चव्वेचाळीस ड, शून्य ते चौतीस अनुत्तीर्ण. मी जसंच्या तसं टाकलं. नाना खुर्चीमागं उभे राहून बघत होते.

“एवढंच?” त्यांनी विचारलं.

“एवढंच. आता तुमच्या लाल पेनला विश्रांती, नाना.”

हे बोललो ते मला अजून आठवतं.

तीस एप्रिलला सकाळी उद्घाटन झालं. संस्थेच्या अध्यक्षांनी बूट काढले, मोज्यांवर आत आले, कॉम्प्युटरच्या पडद्याला हार घातला. कुणीतरी कीबोर्डवर हळद-कुंकू वाहिलं. ते मी नंतर दाढीच्या ब्रशनं काढलं. प्रिंटर करकरत निकाल ओकू लागला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “हे यंत्र कुणाची भीड ठेवत नाही. आजपासून या शाळेत निकालावर माणसाचा हात फिरणार नाही.” टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

मंडळी पेढे खाऊन गेल्यावर मी निकाल वाचायला घेतला. वर्गात दुसरी येणारी मुलगी अनुत्तीर्ण होती. इंग्रजीत तिला साडेचौऱ्याहत्तर होते आणि त्यापुढं श्रेणीची जागा कोरी होती. आणखी खाली पाहिलं. साडेएकोणसाठ, कोरी. साडेचव्वेचाळीस, कोरी. अशी अकरा मुलं निघाली. माझ्या तक्त्यात चौऱ्याहत्तर होते आणि पंच्याहत्तर होते. मधल्या अर्ध्याला कुठंच घर नव्हतं. आणि जिथं श्रेणी कोरी, तो विद्यार्थी गैरहजर धरून नापास करायचा, असं प्रोग्राममध्ये ठरलेलं होतं.

मुख्याध्यापकांना, म्हणजे आमच्या हेडसरांना, मी घाम पुसत हे सांगितलं. ते म्हणाले, “दहा जण करा दुरुस्त. क असो की ब, पास तर होतेच. अकरावी मुलगी मात्र राहू द्या. गणितात साडेचौतीस आहेत. पस्तीसच्या खालीच ना? यंत्र बरोबर आहे.”

अकराव्या मुलीचे वडील तेव्हा व्हरांड्यात उभे होते. एसटीत कंडक्टर. त्यांची बदली धुळे डेपोला झाली होती आणि चारची धुळे गाडी ही जळगावहून त्यांची शेवटची ड्यूटी होती. निकाल एक मेला वाटायचा होता, पण दोन्ही मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले एक दिवस आधी द्यायचं हेडसरांनी कबूल केलं होतं. आठवी पास झालेल्या धाकट्या मुलाचा दाखला त्यांच्या खाकी खिशात आधीच पोचला होता. मुलगी खांबाला टेकून उभी होती.

मी त्यांना खोलीत बोलावलं. पाटी वाचून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, आत आले, आणि त्याच क्षणी लाइट गेली. काळ्या पडद्यासमोर ते मोज्यांवर उभे राहिले.

“सर, घड्याळात सव्वातीन झाले. पोर पास शे का नापास शे, तेवढं सांगा.”

मी अर्ध्या मार्काचं सांगितलं.

“नापास म्हणजे तिकडं परत नववीत?”

“हो.”

“मंग ती शाळेत जायची नाही. धाकटा पण नववीत, एकाच वर्गात. दोन दिवसांपासून हेच घोकती, त्याच्याशेजारी बसणार नाही म्हणून. तिच्या आईवर गेलीय, बोलली ते करती.” मग जरा थांबून म्हणाले, “आमच्या गाडीत अर्ध्या तिकिटवाल्याला आम्ही मधीच उतरवत नाही, सर.”

मी नानांना शोधायला गेलो. ते स्टाफरूममध्ये ओला रुमाल मानेवर टाकून बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडं दयेनं पाहिलं.

“अर्धा म्हणजे पूर्ण. वरच्यात जातो. तीस वर्षं असंच करतोय.”

“पण डायरीत कुठं आहे, नाना?”

“ते लिहायचं असतं?”

दोष कुणाचा, हा प्रश्न तिथंच संपला. मी विचारलं नव्हतं आणि त्यांना सांगावंसं वाटलं नव्हतं. डोक्यातला अर्धा नियम त्यांच्याकडंच राहिला होता.

नानांनी कपाट उघडून मागच्या वर्षीचं नववीचं निकालपत्रक काढलं आणि आम्ही हेडसरांकडं गेलो. साडेतीन वाजले होते. पंखा बंद, हेडसर पुठ्ठ्यानं वारा घेत होते.

“हे बघा,” नाना म्हणाले. “तेहतीस आणि छत्तीस. सरासरी साडेचौतीस. शेरा, उत्तीर्ण.”

“ते हातानं केलेलं होतं, नाना. आता अध्यक्ष सकाळी काय बोलले ते ऐकलंत ना?”

“ऐकलं. पण खाली सही तुमची आहे.”

हेडसरांनी चष्मा लावून स्वतःची सही बराच वेळ निरखली. व्हरांड्यातून कंडक्टरच्या खाकरण्याचा आवाज येत होता. तीन चाळीस.

“यंत्र चुकलं असं कुठंही यायला नको,” शेवटी ते मला म्हणाले. “तुम्ही चुकलात असं लिहून द्या.”

लिहून दिलं. चार ओळींत, ‘माझ्या हातून तक्ता सदोष भरला गेला’ असं. खरंच होतं, त्यामुळं फार वेळ लागला नाही. प्रिंटर मेलेला होता, म्हणून नानांनी सकाळच्या कोऱ्या करकरीत निकालावर अकरा ठिकाणी लाल पेनानं श्रेणी भरली, प्रत्येकीशेजारी आद्याक्षरं टाकली, आणि क्लार्कनं दाखल्यावर ‘इयत्ता नववी उत्तीर्ण’ लिहून शिक्का मारला.

वडील बूट हातात घेऊनच निघाले होते. व्हरांड्यात बसून घाईनं नाड्या बांधू लागले. मुलगी मात्र नानांसमोर येऊन उभी राहिली.

“सर, मला पस्तीस पडले की साडेचौतीस?”

“एकतीस आणि अडतीस,” नाना म्हणाले. “दुसऱ्या सत्रात सात वाढवलेस. ते तुझे.”

तिनं मान हलवली. समाधान झालं की नाही कळलं नाही. बापलेक उन्हातून स्टँडकडं जवळजवळ पळतच गेले.

लाइट साडेपाचला आली. मी खोलीत जाऊन तक्ता उघडला आणि ‘पासून’च्या रकान्यात पस्तीसच्या जागी साडेचौतीस टाकले, मग बाकीच्या ओळीही तशाच अर्ध्यानं खाली आणल्या. उठताना पायांकडं लक्ष गेलं. चपला काढायच्या राहिल्या होत्या. यंत्राला काही झालं नव्हतं.