मोजणीतले रिकामे चौकोन

बातमीदारी सोडल्यानंतर मी तीन उन्हाळे जव्हारमधल्या एका लहान संस्थेत काम केलं. काम लिहिण्याचंच होतं. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या विहिरींत दर आठवड्याला किती पाणी आहे, याचा अहवाल तयार करायचा. मोजणी पाड्यांवरची माणसंच करत, बहुतेक बायका. गाठी मारलेली दोरी आणि टोकाला दगड. दोरी तळाला टेकवायची, वर काढायची आणि किती गाठी भिजल्या तो आकडा मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये भरायचा.

संगणकाची बाजू सांभाळणारी सहकारी जामसरची होती. घरी भातशेती. नाशिकला शिकून ती परत आली होती. ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा.

ही माहिती ज्या पद्धतीने साठवली होती ती तिने मला पहिल्या आठवड्यातच समजावून दिली. साधा तक्ता नाही, ठोकळा समजा, ती म्हणाली. एका कडेला ठिकाण: तालुका, गाव, पाडा. दुसऱ्या कडेला काळ: महिना, आठवडा. तिसऱ्या कडेला काय मोजलं ते. ठोकळ्याला प्रश्न विचारला की त्याचा एक काप मिळे. त्यात आधी कडांवरची नावं येत आणि मग चौकोनांतले आकडे, प्रत्येक आकड्याला चौकोनाचा क्रमांक जोडलेला. आमच्या नकाशाच्या पानाला असा काप वाचता येत नसे. त्याला जेसन लागे, म्हणजे तालुक्याच्या पोटात गावं, गावाच्या पोटात पाडे, पाड्याच्या पोटात आठवडे, अशा मांडणीचा मजकूर. ते रूपांतर करणारा कोड तिच्या आधी कोणीतरी लिहून ठेवला होता. तो चालत होता, म्हणून कोणी त्याला हात लावला नव्हता.

मे महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी खोडाळ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरून फोन आला. बोलणारी बाई तिथली मोजणी करणारी होती. ताईने फोन स्पीकरवर ठेवला.

"ताई, आमचा पाडा तुमच्या नकाशात नाय. टँकर खालच्या पाड्याला गेला. त्यांच्या विहिरीत आजून पानी आहे."

"तुम्ही मोजणी पाठवलीत ना, मावशी?"

"दर सोमवारी पाठवते. चार सोमवार झाले."

"आकडा काय भरलात?"

"आकडा कुठून भरू? विहिरीत पानीच नाय. रिकामं सोडलं. तुम्ही शिकलेली मानसं, रिकामं बघून कळंल असं वाटलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोखाड्यात टँकरची बैठक होती. आमच्या यादीवरून गावं ठरत. यादीत नाव नसेल तर त्या पाड्यावरच्या बायकांना आणखी आठवडाभर दरीतल्या झऱ्यावर उतरावं लागणार होतं.

तिने ठोकळ्याला विचारला जाणारा प्रश्न उघडून पाहिला. त्यात एक सूचना होती: ज्या ओळीत एकही आकडा नाही ती ओळ गाळावी. पान आटोपशीर राहावं म्हणून कोणीतरी ती घातली असणार. ज्या विहिरी महिनाभर कोरड्या होत्या, नेमके तेच पाडे त्यामुळे यादीतून जात होते.

मी सुचवलं, या पाड्याचं नाव हाताने घालून टाक, उद्याची यादी निघेल.

"मावशींनी फोन केला म्हणून त्यांचं नाव घालायचं," ती म्हणाली. "ज्यांनी केला नाही त्यांचं काय करू, दादा?"

तिने ती सूचना काढली. गाळलेले पाडे परत आले. पण जामसरच्या विहिरीपुढे दोन गाठी दिसायला लागल्या. रविवारी ती स्वतः त्या विहिरीवर पाणी भरून आली होती. तिथे सहा गाठींपेक्षा कमी पाणी नव्हतं. पुढचा शोध तिने या एका आकड्यावरून घेतला. रिकाम्या चौकोनाचा आकडा उत्तरात येतच नाही, फक्त क्रमांकांत खंड पडतो. जुना कोड क्रमांक न बघता आकडे येतील तसे ओळीने भरत होता. एक चौकोन रिकामा निघाला की पुढचे सगळे आकडे एक जागा वर सरकत. खालच्या पाड्याला टँकर का गेला, तेही तेव्हा कळलं: दुसऱ्याच विहिरीचा कमी आकडा सरकून त्याच्यापुढे आला होता.

नवा कोड तिने जेवायच्या आधी लिहिला. मी शेजारी बसून पाहत होतो. ती आता आकड्यांच्या मागे जात नव्हती, जागांच्या मागे जात होती. प्रत्येक पाड्याच्या प्रत्येक आठवड्याचा क्रमांक ती आधी काढायची: पाड्याचा क्रम गुणिले आठवड्यांची संख्या, अधिक आठवड्याचा क्रम, दोन्ही क्रम शून्यापासून मोजलेले. त्या क्रमांकाचा आकडा असला तर घ्यायचा. नसला तर 'नल' लिहायचं, म्हणजे माहीत नाही.

"शून्य का नाही?" मी विचारलं. "कोरडीच आहे ना?"

"शून्य म्हणजे मोजलं आणि पाणी नाही. इथे मोजलं की नाही तेच मला माहीत नाही. एखादी मोजणारी अजून वीटभट्टीवर कामाला असेल."

पूर्ण महिना रिकामा असलेले अकरा पाडे निघाले. दुपारभर तिने एकेकीला फोन लावले. बोलणं घरच्या बोलीत चाललं होतं, मला निम्मंच समजत होतं. सात जणींनी विहीर कोरडी असल्याचं सांगितलं. तिघी भिवंडीकडे भट्टीवर होत्या. त्यांतल्या एकीने तिलाच सुनावलं, "विहीर बघायला मी इथून येऊ का?" अकराव्या पाड्यावर फोन लागला नाही. तो तिने कोरडाही धरला नाही आणि गाळलाही नाही. त्याच्यापुढे 'जाऊन पाहावे' असं लिहिलं आणि भट्टीवाल्या तिघींच्या पाड्यांपुढेही तेच.

गुरुवारी आम्ही सामायिक जीपने मोखाड्याला गेलो. बैठकीत टँकर मंजूर करणाऱ्या साहेबांनी यादी वरून खाली वाचली.

"सात पाडे एकदम वाढले? आठवड्यात विहिरी आटल्या का तुमच्या?"

"नाही साहेब. त्या महिनाभर कोरड्या आहेत. आमची यादी चुकीची होती. मागचा टँकरही तिच्यामुळेच चुकीच्या ठिकाणी गेला."

वर्तमानपत्रात असताना मी पुष्कळ दुरुस्त्या लिहिल्या होत्या, आतल्या पानावर, तळाशी, दोन ओळींत. इतकी सरळ दुरुस्ती, तीही तोंडावर, मी ऐकली नव्हती. शिवाय मूळ चूक तिची नव्हती. ते तिने सांगितलं नाही.

सातही पाडे यादीत राहिले. शनिवारी खोडाळ्यापलीकडच्या पाड्यावर टँकर चढला. सोमवारी सकाळी मावशींचा फोन आला.

"ताई, टँकरवाल्यानं पानी विहिरीत ओतलं. आता विहिरीत पानी आहे, पन ते विहिरीचं नाय. काय भरू?"

तो आकडा जसाच्या तसा भरला असता, तर पुढच्या यादीत पाड्याला पाणी आहे असं दिसलं असतं.

"विहिरीच्या चौकोनात शून्य भरा, मावशी. टँकरच्या पाण्यासाठी मी वेगळा चौकोन करते."

"नीट कर. मंग परत फोन करायला लावू नको."

दुपारपर्यंत तो चौकोन सगळ्या पाड्यांच्या फॉर्ममध्ये आला होता.