उजवीकडील इसम

पत्रकारितेच्या विभागात आमच्या सरांचा एक नियम होता. छायाचित्राखाली जे नाव छापायचं, ते त्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं हवं. माणूस हयात नसेल, तर त्याच्या घरच्यांच्या तोंडून. ऐकल्याबरोबर ते वहीत लिहायचं. आठवणीवर विसंबून एकही नाव अंकात जाता कामा नये. सरांनी अनेक वर्षं वर्तमानपत्रात काढली होती आणि चुकीच्या नावांपायी बरीच बोलणी खाल्ली होती. आम्हा विद्यार्थ्यांना तो नियम जाचक वाटायचा. मला मात्र पुढे तो फार उपयोगी पडला.

मी कॅमेरा हाती घेतला तो सूड म्हणून. हे त्या वेळी मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी पुस्तकांत डोकं घालून बसणारी मुलगी, माझ्याकडून कुणाला तशी अपेक्षाही नव्हती.

आई सकाळी मोपेडवरून नागपूरच्या महाल भागातल्या घरून शाळेत शिकवायला निघाली होती. वाटेतल्या रस्त्याचं सिमेंटीकरण चाललं होतं. अर्धा रस्ता झालेला, अर्धा जुना डांबरी. नवा भाग जुन्यापेक्षा चांगला वीतभर उंच, आणि त्या काठाला ना कठडा, ना दगड, ना लाल फडकं. समोरून ऑटो आला, आईने गाडी बाजूला घेतली आणि चाक काठावरून घसरलं. एवढंच. नागपुरात अशा काठावरून न घसरलेला माणूस मिळणं कठीण. बहुतेक जण कपडे झटकून उठतात. आई उठली नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊ आले. आमच्या भागाचे नेते. लहानथोर सगळे त्यांना भाऊच म्हणतात. रस्ता त्यांनीच आणलेला, भूमिपूजनाचा नारळही त्यांनीच फोडलेला. सोबत चार माणसं आणि एक फोटोग्राफर. बाबा सतरंजीवर बसले होते. भाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, जरा दाराकडे सरका ना, इथे अंधार पडून राहिला," फोटोग्राफर म्हणाला.

बाबा सरकले, त्यांनी हात जोडले. फोटो निघाला. भाऊंनी कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं.

"अरे, डोळे मिटले गा माझे. एक और घे."

आणि माझ्या बाबांनी पुन्हा हात जोडले. कुणी सांगितलेलं करणारा माणूस तो. त्या दिवशी तर त्यांना काही कळतच नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या दुसऱ्यांदा जोडलेल्या हातांनी माझ्या मनात जे केलं, ते आईच्या जाण्यानेही केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. खाली भाऊंचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. बाबा 'कुटुंबीय' होते. आई 'मृत महिला' होती.

बी.ए. झाल्यावर मी पत्रकारितेला नाव घातलं आणि छायाचित्रणाचा विषय घेतला. विभागाचा एक जुना कॅमेरा होता, त्याच्या लेन्सचं झाकण सैल होऊन सारखं पडायचं. महिन्याला विद्यार्थ्यांचा चार पानांचा प्रायोगिक अंक निघे. तो आम्हीच वस्तीवस्तीत, चहाच्या टपऱ्यांवर, वाचनालयांत नेऊन ठेवायचो. त्यासाठी मी नळावरची रांग टिपली, रक्तदान शिबिरं टिपली, शाळांची स्नेहसंमेलनं, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून आणलेली मुलं. आणि जिथे मी जाई, तिथे भाऊ असतच. बक्षीस द्यायला, फीत कापायला, नाहीतर नुसतेच.

मी त्यांचे फोटो साठवू लागले. तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळताना. जांभई देताना. तान्ह्या पोळ्यात एका चिमुरड्याचा बैल हाती घेऊन, पोराकडे न बघता व्यासपीठाकडे बघताना. एकदा त्यातला सगळ्यात कुरूप फोटो मी सरांपुढे ठेवला.

"यात बातमी काय?" सर म्हणाले. "माणूस जांभई देतो. मीही देतो."

मी फोटो उचलून घेतला आणि वाट पाहत राहिले.

वर्षभराने त्याच रस्त्याच्या पुढच्या टप्प्यात कपड्यांना इस्त्री करून देणारे एक गृहस्थ पडून वारले. सायकलवर इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं होतं. काठ तसाच, कठडा नव्हताच. भाऊ सांत्वनाला जाणार हे मला माहीत होतं. मी आधीच जाऊन कोपऱ्यात उभी राहिले.

भाऊ आले, तोच फोटोग्राफर आला. हात जोडून झाले, फोटो निघाला आणि भाऊंनी बोट वर केलं: एक और. त्या क्षणी मी बाजूने बटण दाबलं. माझ्या चौकटीत त्या गृहस्थांच्या पत्नी पुन्हा हात जोडत होत्या, त्यांच्या सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि भाऊ केस सारखे करत आपल्या फोटोग्राफरकडे बघून बोट दाखवत होते. मला हवं होतं ते सगळं त्यात होतं.

पण त्या बाईही त्यात होत्या. त्यांना न विचारता छापलं, तर मीही तेच केलं असतं. काही दिवस जाऊ दिले आणि कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी छोट्या पडद्यावर फोटो बराच वेळ पाहिला.

"मी येडीवाणी दोनदा हात जोडून राहिली," त्या म्हणाल्या. "काहून जोडले वं मी?"

मी माझ्या बाबांचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "छाप. पण माह्यं नाव टाक. पेपरात नुसतं 'मृताची पत्नी' लिहून आलं. माह्या सासूचं टाक. अन् यायचं बी टाक." भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे त्यांनी हात केला. तिन्ही नावं मी वहीत लिहून घेतली आणि त्यांना वाचून दाखवली.

विभागात बसून मी फोटोखालची ओळ लिहिली. डावीकडून त्या दोघींची पूर्ण नावं, मग ज्यांच्या जाण्याने हे घर बसलं होतं त्यांचं नाव आणि काम. शेवटी: 'उजवीकडील इसमाचे नाव कळू शकले नाही.'

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "अख्खं नागपूर ओळखतं यांना."

"मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही, सर. वहीत नाही."

सरांनी पानावर सही केली.

अंक निघाल्यावर चौथ्या दिवशी फोन आला. भाऊंचा माणूस होता. फोटो कसा आहे, त्यात भाऊ काय करताहेत, याबद्दल एक शब्द नाही. तक्रार एकच: "साहेबांचं नाव काहून नाही टाकलं? इसम म्हणता?" दुरुस्ती छापा म्हणे. सर मला म्हणाले, "दुरुस्ती तूच लिही. नियमाने."

मी वही घेऊन भाऊंच्या कार्यालयात गेले. त्यांनी मला ओळखलं नाही. आमच्या घरात मला पाहूनही ओळखलं नाही, आणि मला त्याचा आनंद झाला. त्यांनी चहा मागवला, नाव सावकाश सांगितलं, मी ते लिहिलं.

"त्या घरी कशासाठी गेला होतात?"

"सांत्वनाला. जाणं पडते ना, बेटा."

"ते कसे गेले?"

"रस्त्याच्या काठावरून सायकल पडली."

"तो रस्ता?"

"मीच आणला. किती वर्षं लोक मागून राहिले होते." ते खूश होऊन बोलत होते.

"त्या रस्त्यावर याआधी कुणी गेलं होतं?"

"एक बाई होती बहुतेक. महालातली. नाव नाही आठवत."

मी ते शब्द जसेच्या तसे उतरवले आणि त्यांना वाचून दाखवले. त्यांनी मान डोलावली. नाव नीट आलं आहे ना, एवढंच ते ऐकत होते.

पुढच्या अंकात दुरुस्ती आली. उजवीकडील इसमाची ओळख पटली आहे, असं म्हणून त्यांचं संपूर्ण नाव, आणि खाली त्यांचीच वाक्यं. रस्ता मीच आणला. एक बाई होती बहुतेक. नाव नाही आठवत. लोकांनी तो तुकडा मोबाइलवर फिरवला. टपरीवर कुणी कुणाला ओळख दाखवली नाही की "का गा, इसम?" म्हणायची पद्धत पडली. मी ते चहा पिता पिता ऐकत असे. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

अंक मी बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मला वाटलं, ते हसतील.

"त्याला नाही आठवलं, ठीक," बाबा म्हणाले. "तू काहून नाही लिहिलं?"

भाऊंचा विसर उघडा पाडायच्या नादात मी आईला पुन्हा 'एक बाई' म्हणून छापलं होतं. आणि सरांच्या नियमाने पाहिलं, तर ते नाव माझ्या वहीत नव्हतंच. मी ते कुणाला विचारलं नव्हतं.

मी आतून वही आणली, बाबांच्या समोर सतरंजीवर बसले आणि विचारलं, "पूर्ण नाव सांगा."

त्यांनी सांगितलं. आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग माहेरचं आडनाव सांगितलं, शाळेतला विषय सांगितला. मी सगळं लिहिलं, वाचून दाखवलं. एका जागी वेलांटी चुकली होती, ती त्यांनी माझ्या हातून पेन घेऊन सुधारली.

दुरुस्तीची दुरुस्ती छापत नाहीत, असं सर म्हणाले. विभागात शिल्लक अंकांचा गठ्ठा होता. तो मी मागून घेतला, आणि प्रत्येक अंकात 'एक बाई'च्या शेजारी निळ्या शाईने आईचं नाव लिहिलं. पहिला अंक फोटोतल्या त्या बाईंकडे नेऊन दिला. दुसरा भाऊंच्या टेबलावर ठेवला, त्या पानाची घडी वर करून. ते तिथेच होते.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला नाव आठवत नव्हतं," मी म्हणाले, आणि ते वाचून होईपर्यंत समोर उभी राहिले.