कॅनॉलवरचा रिव्हर्स

मला गाडी चालवता येते. आणि चांगली येते. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ही गोष्ट कबूल व्हायला दोन वर्षं लागली. कबूल करायचं होतं एकाच माणसानं, माझ्या सासूबाईंनी. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात, मीही तेच म्हणते.

आमचं गाव डिंभ्याच्या धरणाखाली, घोडेगावच्या अलीकडं. नवरा चाकणला कंपनीत, आठवड्यातनं एकदा घरी येतो. मुलगी पुण्याला शिकते, होस्टेलवर राहते. घरी मी, दोन गाई आणि आत्याबाई. आत्याबाईंच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हापासून आठवड्यातनं तीनदा मंचरला डायलिसिस, सकाळी आठच्या पाळीला. पहिले दोन महिने मी लोकांच्या दारात जाऊन 'जरा सोडता का' म्हणत फिरले. मग एक दिवस एक भाऊबंद मला म्हणाला, "आज न्हाई जमायचं वैनी, गाडी बंदे." आणि दहा मिनिटांनी त्याच बंद गाडीतनं आमच्या दारावरनं हॉर्न वाजवत गेला. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी घोडेगावात ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं. वय चव्वेचाळीस. क्लासमधली पोरं मला मावशी म्हणायची आणि पहिल्याच टेस्टला पास झालेली मावशी एकटीच होती.

आत्याबाईंना हे काही रुचलं नाही. जुनी बारकी गाडी दारात आली तेव्हा त्यांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, सगळं केलं. पण माझ्या शेजारी बसायला तयार नाहीत. मागं, बरोब्बर माझ्या पाठीशी बसायच्या आणि वरची कडी दोन्ही हातांनी धरायच्या. नवरा सुट्टीला आला आणि त्यानं स्टिअरिंग धरलं की मात्र ऐटीत पुढच्या सीटवर. मंचरला पोचलं की माझ्याच मोबाईलवरनं लेकाला फोन लावायच्या, "पोचलो बाबा. देवाची किरपा."

देवाची! आणि घोडेगावच्या गर्दीतनं क्लच दाबून दाबून माझं पाऊल सुजलं ते कुणाचं? पण बोलले नाही कधी. आजारी माणसाशी काय भांडायचं?

भांडण व्हायचं ते पाण्यावरनं. किडनीच्या माणसाला पाणी मोजून. डॉक्टरांनी दिवसाचे चार छोटे ग्लास बांधून दिले होते. मुलीनं हौसेनं माझ्या मोबाईलात पाणी मोजायचं अ‍ॅप टाकून दिलं. ते निघालं तब्येतीनं ठणठणीत माणसांसाठी. दर तासाला घंटी वाजवून सांगायचं, "पाणी प्यायची वेळ झाली!" आत्याबाई लगेच तांब्याकडं हात करायच्या. "बघ, त्यो बी सांगतोय." मी हसावं की रडावं! मग मुलीनं ते काढून साधं आकडे मोजायचं अ‍ॅप टाकलं. एक ग्लास प्यायलं की एकदा बटण दाबायचं. तो आकडा पुण्यात तिलाही दिसायचा. पाचावर गेला की तिचा फोन, "आजी, काय चाललंय?" आजीला या गोष्टीचा लई राग. "माज्या घोटावर पुण्यातनं पहारा!" पण नात लाडकी, म्हणून निमूट बटण दाबायच्या. निदान मला तसं वाटायचं.

आता संक्रांतीचं सांगते. त्या दिवशी गावातल्या बायका ववसायला येतात. सुगडातनं उसाचे करवे, बोरं, गाजरं, हरभऱ्याचे घाटे असं सगळं रानातलं देतात. दुपारपर्यंत आमच्या घरात सूपभर ऊस आणि बोरं साठली. मी नवी साडी नेसून ववसायला गेले आणि सूप तसंच ओट्यावर राहिलं. चूक माझी. किडनीच्या माणसाला ऊस आणि बोरं म्हणजे विष, हे मला मंचरच्या सिस्टरनं दहा वेळा सांगितलं होतं.

सकाळी साडेपाचला उठले तर आत्याबाई अंथरुणात बसलेल्या. धाप लागलेली, ओठ काळसर. "आडवं व्हता येईना गं. छातीवर कुणी बसल्यावानी व्हतंय." मोबाईल बघितला, तर कालचा आकडा चार. अगदी शहाण्यासारखा चार. मला काही कळेना. तशीच गोठ्यात गेले गाईंना वैरण टाकायला, तर मागच्या बाजूला उसाच्या चोयट्यांचा ढीग आणि बोरांच्या बिया. काल दुपारभर बाई गोठ्यामागं उन्हात बसून ऊस खात होती! माझ्या तोंडात इतकं काय काय आलं होतं, पण त्यांच्याकडं बघितलं आणि सगळं गिळलं. माणूस श्वासाला महाग झालं होतं.

मुलीला फोन लावला. ती ताडकन उठली. "आई, तू निघ. मी सेंटरला फोन करते. लोकेशन चालू ठेव म्हणजे मला दिसत राहील." दोनच मिनिटांत परत तिचा फोन. सिस्टर म्हणाली, ताबडतोब आणा, आल्या आल्या मशीनवर घेतो. अ‍ॅम्ब्युलन्स कुठनं तरी येणार, मग परत मंचरला जाणार. तेवढ्यात मी पोचले असते. आत्याबाईंना धरून गाडीत बसवलं. मागंच बसल्या. तशा अवस्थेतही मागंच.

बाहेर धुकं म्हणजे काय धुकं! धरणावरनं उतरतं आणि पौषात सकाळी हातभर अंतरावरचं दिसत नाही. मोठा लाईट लावला की समोर नुसती पांढरी भिंत. मी लाईट खाली घेतला, चारी इंडिकेटर लावले आणि रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरून निघाले. आतनं काचेवर वाफ धरायला लागली. त्यावर उपाय म्हणजे एसी, हे मला मुलीनं व्हिडिओ दाखवून शिकवलेलं. लावला. मागनं लगेच, "अगं... थंडीनं मारती का मला... हितं दम निगना आन् ही गार हवा सोडती."

"आत्याबाई, काच दिसायला लागती. मफलर घ्या तोंडावर."

"त्याला न्हाई लागत एसी," म्हणाल्या. त्याला म्हणजे लेकाला.

तीन किलोमीटर गेलो तर मोबाईलच्या नकाशावर पुढचा रस्ता लालभडक. गावच्या ग्रुपवर तेवढ्यात फोटो आलेला, वळणावर उसाची ट्रॉली उलटलीय, मोळ्या रस्ताभर पसरल्यात. मोबाईलमधली बाई म्हणाली, उजवीकडं वळा. उजवीकडं म्हणजे कॅनॉलचा कच्चा रस्ता. घोडेगावच्या जवळ परत डांबरीला लागतो, शेताला जाताना शंभरदा बघितलेला. मागनं आत्याबाईंच्या श्वासाचा आवाज येत होता, घरघर घरघर. मी वळवली गाडी.

इथं मी जी चूक केली ती आमच्या गावाबाहेरचं कुणी करूच शकत नाही. चार दिवसांपूर्वी आमच्याच भावकीनं पाइपलाइनसाठी त्या रस्त्याला आडवा चर मारला होता. शुभारंभाचा नारळ फोडायला मी स्वतः हजर होते. पेढा खाल्ला होता. "उद्याच बुजवतो वैनी," असं मला तोंडावर सांगितलं होतं. आणि मोबाईलमधल्या बाईला सोडा, ती काही नारळाला आलेली नव्हती. पण मी? मी विसरले! समोर धुक्यात काठीला बांधलेलं पोत्याचं फडकं दिसलं तेव्हा ब्रेक दाबला. गाडी मातीच्या ढिगाला टेकून थांबली. चर तसाच आ वासून पडलेला.

पुढं जाता येत नाही. वळवायला जागा नाही. डाव्या अंगाला कॅनॉल, आवर्तन सुटलेलं, काठोकाठ पाणी. उजव्या अंगाला खाली रान. मागं कॅनॉलवरच्या मोरीपर्यंत, म्हणजे छोट्या पुलापर्यंत, रिव्हर्स जायचं, तिथंच काय ती गाडी वळेल. मागची काच धुक्यानं पुसलेली. डावीकडच्या आरशात नुसता कापूस. खरं सांगते, रडू आलं. म्हटलं, सासू माझ्या गाडीत गेली तर जन्मभर हेच ऐकायचं, आणि कुणी ऐकवलं नाही तरी मला मी ऐकवणारच.

तेवढ्यात मागं हालचाल झाली. आत्याबाई सरकत सरकत डाव्या खिडकीपाशी गेल्या. काच खाली केली. "तुजा मोबाईल दे... बॅटरी लावून."

"अहो, तुमाला दम निघत न्हाई..."

"दे म्हंते ना! तुजा सासरा बैलगाडी मागं घ्यायचा तवा... काठ कोन बघायचं?"

निघाल्यापासून मुलीचा फोन चालूच ठेवला होता. टॉर्च लावून मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी हात आणि डोकं खिडकीबाहेर काढलं. मी म्हटलं, "बोलू नका आत्याबाई, एक शब्द बोलू नका. दारावर थाप मारा. एकदा मारली की ये, दोनदा मारली की थांब." मान हलवली त्यांनी.

थाप. मी क्लच सोडला, गाडी मागं. थाप. अजून मागं. थाप, थाप. थांबले. स्टिअरिंग जरा वळवलं. थाप. मोबाईलमधनं पोरगी सांगत होती, "आई, ठिपका मोरीकडं सरकतोय. बरोबर येतीयेस. अजून निम्मं आहे." त्या बारक्या गाडीत आम्ही तिघी होतो, त्यातली एक पुण्यात. मधे एकदा थाप आलीच नाही. "आत्याबाई? आत्याबाई!" मागं वळून बघते तर त्या दारावर डोकं टेकवून श्वास गोळा करत होत्या, पण टॉर्चचा हात तसाच बाहेर, कॅनॉलच्या काठावर रोखलेला. मग आली थाप. हळू, पण आली.

मोरीवर गाडी वळली तेव्हा पोरगी ओरडली, "आई, जमलं!" मी डांबरीला लागले. तोवर लोकांनी मोळ्या ओढून एका गाडीपुरती वाट केली होती. वळणापुढं धुकंही पातळ होत गेलं. पावणेआठच्या आत मी मंचरला होते.

व्हीलचेअर दारातच उभी होती, पोरीच्या फोनची कमाल. वजन केलं, ऑक्सिजन लावला, मशीन सुरू झालं. सिस्टर माझ्याकडं रागानं बघत म्हणाली, "किती पाणी पाजलंत हो यांना?" मी मान खाली घातली. गोठ्यामागच्या उसाबद्दल चकार शब्द काढला नाही. वॉचमन आत आला, "बाहेर गाडी आडवी लावलीय, ड्रायव्हरला सांगा काढायला." मी किल्ली घेऊन गेले. गाडी नीट लावली, स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडून घेतलं.

दोन तासांनी आत्याबाईंचा श्वास जागेवर आला. हातानं खुणावलं, मोबाईल दे. मी म्हटलं, आता लेकाला लावणार, देवाची किरपा. पण म्हणाल्या, "ते पान्याचं उगड. कालचं."

उघडलं. चार.

"दाब," म्हणाल्या. मी एकदा दाबलं. पाच. "दाब अजून." सहा. सात. "उसाचं बी पानीच की. दाब." अकरावर गेल्यावर म्हणाल्या, "बास." मग "रोजच एक-दोन चोरत व्हते. आता न्हाई चोरायची." आणि तोंड भिंतीकडं केलं. पुण्याहून लगेच फोन आला. मी पोरीला म्हटलं, आज काही बोलू नको आजीला.

मला त्या दिवशी राग आला नाही, हे माझं मलाच नवल. अभिमान वाटला. माझ्यापेक्षा त्या बाईचाच जास्त. तसल्या धापेत खिडकीबाहेर डोकं काढून काठ दाखवणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही.

नवऱ्याला कळलं तसा तो रजा टाकून आला. पुढच्या पाळीला सकाळी अंघोळ करून, स्वेटर घालून तयार. मी न मागता त्याच्या हातात किल्ली दिली आणि मागचा दरवाजा उघडला. बाहेर परत तसंच धुकं.

आत्याबाई काठी टेकत आल्या. लेकाच्या हातातली किल्ली बघितली.

"किल्ली तिला दे."

"आई, मी आलोय ना आता."

"आलायस त्ये दिसतंय. तू मागं बस."

बसला बिचारा. आत्याबाईंनी पुढचा दरवाजा उघडला आणि माझ्या शेजारी बसल्या. वरची कडी धरली नाही, हात मांडीवर ठेवले. मी लाईट खाली घेतला, चारी इंडिकेटर लावले, एसी चालू केला.

मागनं नवरा म्हणाला, "अगं, एवढ्या थंडीत एसी कशाला?"

"गप रं," आत्याबाई म्हणाल्या. "काच दिसायला लागती तिला."