तीन जाड पुस्तकं आणि दाजींचा कान

आमच्या दाजींना इंजिनाचं दुखणं ओळखायला पुस्तक लागत नव्हतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "तिसरा सिलिंडर." उघडल्यावर तिसराच निघायचा. ट्रकच्या अड्ड्यावर त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. सगळे 'कानवाले' म्हणत. मी ताईचा धाकटा भाऊ. त्यांच्या गॅरेजसमोरच माझं सुट्या भागांचं दुकान आहे, त्यामुळे हा खेळ तीस वर्षं फुकटात पाहत आलोय.

म्हणूनच ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या बंद पडलेल्या वर्कशॉपचा स्टोअरकीपर डिझेल ट्रकच्या दुरुस्तीची तीन जाडजूड पुस्तकं काखेत मारून आला, तेव्हा मला हसू आवरेना. कंपनीनं खास आपल्या मेकॅनिकांसाठी छापलेली, बाजारात न मिळणारी पुस्तकं होती ती. "आठ दिवस ठेवा, पटली तर घ्या," तो म्हणाला. दाजी त्याला दारातूनच वाटेला लावतील अशी माझी खात्री होती. पण त्यांनी आधी साबणानं हात धुतले आणि मगच पुस्तकं हातात घेतली. हा माणूस जेवायला बसतानाही हात नुसते चिंधीला पुसतो, आणि त्यावरून ताईची नि त्यांची रोज जुंपते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला परीक्षक नेमलं. "तू पुस्तकातलं विचार, मी उत्तर देतो. बघू, कंपनीला किती येतं ते."

मी विचारत गेलो, ते सांगत गेले. कुठला नट किती आवळायचा, व्हॉल्व्हला फट किती ठेवायची, सगळं पाठ. दोनच ठिकाणी जुळेना. एकात त्यांनी स्वतः मोजून पाहिलं आणि पुस्तक बरोबर असल्याचं मुकाट्यानं मान्य केलं. दुसऱ्यात "यांनी आपले रस्ते कुठं पाहिलेत" म्हणत कंपनीला नापास केलं. मग मी उठून त्यांच्या उजव्या बाजूला गेलो आणि पुढचा प्रश्न टाकला. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी ते आपले दुसऱ्या पुस्तकातली आकृती बघत बसलेले.

"काय दाजी, दातखीळ बसली का?" मी चिडवलं आणि दुकानात निघून गेलो.

त्याच आठवड्यात वाळूचा एक ट्रक आला. त्याचा जाडा ड्रायव्हर आमचं जुनं गिऱ्हाईक. इंजिनातून ठोक, म्हणजे हातोडी मारल्यासारखा ठकठक आवाज, येत होती. दाजींनी स्क्रूड्रायव्हर लावला, आणि मला काहीतरी खटकलं. मूठ नेहमीसारखी उजव्या नाही, डाव्या कानाशी होती. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "बेअरिंग." मग इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं, अख्खा दिवस त्यात गेला, आणि बेअरिंगला काही म्हणता काही झालेलं नव्हतं. "होतं कधीकधी," ड्रायव्हर म्हणाला. पण दाजींच्या हातून तसं कधीच झालेलं नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

सगळे गेल्यावर दाजी माझ्या दुकानात येऊन बसले.

"उजवा कान गेलाय माझा," ते म्हणाले. "वर्ष झालं. डाव्यालाही आता सगळं लांबून आल्यासारखं वाटतं. पुस्तकं घेतली तर अड्ड्यावर कळेल, कानवाल्याचा कान गेला. नाही घेतली तर आज झालं तसं रोज होईल. दोन्हीकडून माझ्याकडे ट्रक कोण आणणार?"

माझं ते चिडवणं आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धीर द्यायला म्हणून विचारलं, "ठोकीबद्दल लिहिलंय का हो त्यात?"

"बघू या की," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहराच बदलला. आम्ही दोघं पानं उलटत बसलो. एका आकृतीत एक माणूस स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाशी धरून उभा होता. "हा बघ, कंपनीचा कानवाला," दाजी हसले. खाली लिहिलं होतं की सिलिंडरात डिझेल फवारणारा इंजेक्टर बिघडला तरी बेअरिंगसारखीच ठोक येते. इंजिन चालू ठेवायचं आणि इंजेक्टरांना डिझेल नेणारे पाइप एकेक करून सैल करायचे. ज्याच्यावर ठोक थांबेल तो चोर.

"माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं हे," दाजी म्हणाले. "कान होता म्हणून कधी करावंच लागलं नाही."

सकाळी चेंबर परत बसवलं, तेल भरलं. दाजींनी एक हात इंजिनावर ठेवला आणि दुसऱ्या हातातल्या पान्यानं पाइप सैल करत गेले. चौथ्या पाइपावर ते थबकले.

"थांबली ना?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं. आवाजाबद्दल ते दुसऱ्या कुणाला विचारताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"थांबली की," तो म्हणाला.

आठव्या दिवशी स्टोअरकीपर आला तेव्हा अड्डा भरलेला होता. "कानवाल्यांना पुस्तकं कशाला लागतायत म्हणा," तो मोठ्यानं म्हणाला आणि सगळे हसले. मी घाईघाईनं पुढं झालो. "मी घेतो. माझ्या दुकानाला लागतील."

"याला कशाला हवीत?" दाजी म्हणाले. "मला हवीत. मला उजव्या कानानं ऐकू येत नाही."

हसणं थांबलं. मला वाटलं, संपलं. मग दाजींच्या उजव्या हाताला उभा असलेला तो जाडा ड्रायव्हर वळसा घालून त्यांच्या डावीकडे आला.

"दोन दिवस गिअरबॉक्स कुरकुरतोय," तो म्हणाला. "त्याचं पान आहे का त्यात?"

दाजी हात धुवायला गेले.