गाडी वर, आणि आमची ही खाली

गेल्या रविवारी सकाळी वालीवला डॉमनिकच्या शेडमध्ये गाडीखाली आडवा पडलो होतो. कपड्यांना ग्रीस, कानात माती, आणि मन मात्र लग्नघरासारखं... कारण आमच्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपला नवे पाटे बसत होते!

पाटे म्हणजे चाकांजवळच्या त्या वाकड्या लोखंडी पट्ट्या, गाडीचा सगळा भार पेलतात त्या. आमचे जुने पाटे भाजी वाहून वाहून पार सपाट झाले होते... माझ्या चपलेसारखे.

खाडीकडच्या आमच्या वाडीला जाताना बांधालगत वाटेचा एक खराब तुकडा लागतो. दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या, मधे उंचवटा. गाडीचं पोट त्यावर खरवडून निघायचं.

म्हणून तो तुकडा आला की आमची ही न सांगता दार उघडून उतरायची. साडी खोचून चिखलातून पुढे चालायची आणि चाक कुठे घालायचं ते हाताने दाखवायची. पलीकडे पोचलं की पुन्हा चढून माझ्या शेजारी... गाडी घेतल्यापासून हे असंच.

यंदा तिचे गुडघे कुरकुरायला लागले. एकदा तिथेच पाय सरकला. हसत उठली, पण उठताना माझा खांदा घट्ट धरला. तेव्हाच मनात म्हटलं, आता हिला उतरू द्यायचं नाही. गाडीच उचलायची! तिला मात्र काही बोललो नाही... म्हटलं एकदम दाखवू.

डॉमनिक माझा जुना दोस्त, आधी कारखान्यात फिटर, आता स्वतःची शेड. माझी शाळा सातवीत सुटली, गाडीचं शिक्षण त्याच्याबरोबर गाडीखाली झोपूनच झालं. मी म्हटलं, चांगली उंच करू. तो म्हणाला, "अरे बाबा, भाजी न्यायचीय की सर्कस करायचीय? पहिल्याच वळणाला कलंडशील."

मग बेतानेच उचलायचं ठरलं. जुने बोल्ट गंजून असे अडून बसले होते, जशी काही बापाची इस्टेट! डिझेल पाजलं, पान्याला लांब पाइप लावून दोघं लोंबकळलो, तेव्हा कुठे हलले. नवे पाटे, लांब शॉकअॅब्सॉर्बर, जरा मोठे टायर... चाक खाली लोंबलं तरी ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, हेही डॉमनिकने नीट बघितलं. संध्याकाळी गाडी जॅकवरून उतरवली, तर काय तिची ऐट!

घरी आलो, हॉर्न दिला. ही बाहेर आली, गाडीभोवती एक चक्कर मारली. मग दार उघडून पाय वर टाकला... पोचेना. दुसरा टाकून बघितला. तोही नाही.

"छान झाली हो," ती म्हणाली. "पन आता हिच्यात चढायला नारळ पाडनारा मानूस आना."

मी मोठ्याने हसलो. मग बघितलं तर तिचा हात गुडघ्यावर होता. "जा तुमी उद्यापासून. मी ऱ्हाते घरी," म्हणाली आणि आत गेली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती... जिला उतरावं लागू नये म्हणून हा खटाटोप, तिला आता चढताच येईना! टेप लावून सगळी गाडी मोजली, पण हिचा गुडघा काही मोजला नाही.

दुसऱ्या दिवशी एकटाच निघालो. खराब तुकडा आला आणि गाडी अशी पार झाली, जसं पाटावरून ताट सरकावं. "बघ, घासली का?" मी मोठ्याने म्हणालो... आणि शेजारची सीट रिकामी.

नालासोपाऱ्याच्या बाजारात आमच्या बाजूला बसणारी मिरचीवाली लगेच ओरडली, "काय काका, गाडी उंच झाली म्हणून काकूला सोडून आलात?" सगळा बाजार हसला. मीही हसलो, पण भाजी विकण्यात काही जीव रमला नाही.

तिथून थेट डॉमनिककडे. म्हटलं, "जुने पाटे परत बसव." त्याने कारण विचारलं. ऐकून पोट धरून हसला. "वहिनीला घेऊन ये. माप घेऊ."

"गाडीचं?"

"वहिनीच्या पायाचं रे!"

मग रिक्षाने हिला शेडवर नेलं. डॉमनिकने खाली ठोकळे ठेवत ठेवत तिला कितपत उंची झेपते ते बघितलं. काढून टाकलेल्या पाट्यातलीच एक पट्टी घेतली, त्या लोखंडाला वेल्डिंग नीट धरत नाही म्हणून नटबोल्टने आवळली, आणि दाराखाली पायरी तयार केली. आत धरायला एक दांडाही.

काम करता करता तो पचकलाच, "वहिनी, तुम्हाला चिखलात उतरायला नको म्हणून केलंय यानं हे सगळं." ती माझ्याकडे वळली. "मग मला विचारायचं नाय? तोंड दिलंय ना देवानं?" रागाने म्हणाली खरी, पण पायरीवर पाय ठेवून एका दमात वर चढली आणि दार धाडकन लावून घेतलं.

काल पहाटे दोघं निघालो. तो तुकडा आला आणि सवयीने तिचा हात दाराच्या कडीवर गेला. "बस गं," मी म्हटलं. गाडी डुलत डुलत पुढे निघाली. बघतो तर ही झुडपांच्या वरून बाहेर नजर लावून बसलेली...

"अहो, हितनं खाडी दिसते की! मी आपली पाय कुठे ठेवायचा तेच बघत चालायची. पानी कधी दिसलंच नाय."

मी गाडी तिथेच थांबवली. बाजाराला उशीर झाला... होऊ दे. डॉमनिक, तुझे उपकार रे बाबा. उंच झाल्याचा खरा फायदा काय, ते मला कालच कळलं.